पाटावरून उठता यावे म्हणून
(नवशिक्यांसाठी साधे बलसंवर्धन)

तीन वर्षांपूर्वीच्या गणेश चतुर्थीची गोष्ट. त्या वर्षी श्रावणात मला न्यूमोनिया झाला होता आणि अकरा दिवस मी अंथरुणाला खिळून होतो. चतुर्थीपर्यंत ताप, खोकला सारे ओसरले होते. प्रतिष्ठापनेची पूजा नेहमीप्रमाणे यथासांग पार पडली. आरतीसाठी उभे राहावे म्हणून पाटावरून उठू लागलो, तो उठताच येईना. गुडघा दुखत नव्हता, चक्कर येत नव्हती, दमही लागला नव्हता. मांड्यांत ताकदच उरली नव्हती. मुलाने एका बाजूने आणि पुतण्याने दुसऱ्या बाजूने धरून मला उभे केले. झांजांच्या गजरात ही गोष्ट पाहुण्यांपैकी कोणाच्या ध्यानात आली नसावी. माझ्या मनातून मात्र ती गेली नाही.

त्या वेळी मी सदुसष्ट वर्षांचा होतो. चाळीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय केलेला आणि रोज पहाटे कमाटीबागेत पाऊण तास नेमाने चालणारा. माझ्या मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, स्थूलतेच्या असंख्य रुग्णांना मी आयुष्यभर एकच व्यायाम सांगत आलो, ‘रोज फिरायला जा.’ साठीपुढच्या रुग्णांना तर वर आणखी बजावत असे, ‘आणि आता काही जड उचलू नका.’ यातला पहिला सल्ला योग्य होता, पण अपुरा होता. दुसरा, काही थोडे रुग्ण वगळता, चुकीचा होता. प्रस्तुत लेख हा एका परीने त्या चुकीची दुरुस्ती आहे.

स्नायूंचे खरे काम

स्नायू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पिळदार दंडांचा तरुण उभा राहतो आणि ‘हे आपल्यासाठी नव्हे’ असे म्हणून आपण तो विषय बाजूला सारतो. वस्तुतः स्नायू हा शरीरातील एक मोठा चयापचयी अवयव आहे. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा फार मोठा वाटा इन्सुलिनच्या साहाय्याने स्नायूच शोषून घेतात. शिवाय आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनवर अवलंबून न राहताही साखर आत ओढू शकतो. आजारपणात, शस्त्रक्रियेनंतर किंवा उपासमारीत शरीराला लागणारी प्रथिने पुरवणारी ठेव म्हणजेही स्नायूच. हाडांवर ओढ पडून ती मजबूत राहतात, तीही स्नायूंमुळेच.

ही ठेव वयानुसार झिजते. मध्यम वयानंतर स्नायूंचे वस्तुमान दरवर्षी साधारणतः एक टक्क्याच्या आसपास घटते आणि ताकद त्याहूनही अधिक वेगाने घटते. या झिजेला १९८९ साली अमेरिकन वैद्यकतज्ज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ असे नाव दिले. ही घट नित्याच्या जीवनात दिसत नाही, कारण रोजच्या कामांसाठी आपल्याजवळ पुरेशी शिल्लक असते. शिल्लक संपत येते आणि मग एखादा आजार उंबरठा ओलांडायला लावतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना केवळ दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू गेला. मी हा अभ्यास पूर्वी वाचला होता. त्याचा अर्थ मात्र पाटावर बसल्यावर कळला.

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच दोन छायाचित्रे छापली होती. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! काट्यावर सडपातळ दिसणारा भारतीय माणूस आतून चरबीने भरलेला आणि स्नायूंनी दरिद्री असू शकतो, हे त्या एका पानाने जगाला दाखवले. म्हणून ‘माझे वजन बेताचेच आहे, मला व्यायामाची काय गरज?’ हा प्रश्न आपल्याकडे तरी विचारू नये. अलीकडे वजन उतरवणारी नवी इंजेक्शने आपल्या शहरांतही सर्रास दिली जातात. त्यांनी घटणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

चालणे का पुरत नाही?

चालणे हृदयाला, रक्ताभिसरणाला आणि मनाला हितकर आहे, ते सोडण्याचे काहीच कारण नाही. परंतु स्नायू बळकट होतो तो त्याला नेहमीपेक्षा अधिक भार पेलावा लागला तरच. वीस वर्षे त्याच बागेत, त्याच गतीने, तेच शरीर घेऊन चालणाऱ्या माणसाच्या मांड्यांना नवे काहीच करावे लागत नाही. घरकामाचेही तसेच आहे. आमच्या आजीने जात्यावर दळले, पाट्यावर वाटले, विहिरीचे पाणी शेंदले. आज गिरणी, मिक्सर आणि लिफ्ट यांनी ते कष्ट हलके केले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या कष्टांसोबत हातापायांवरचा भारही गेला आणि त्याच्या जागी आपण काही ठेवले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे, हे आपण सर्व जण जाणतो. त्याच पानावर पुढे म्हटले आहे की सर्व प्रमुख स्नायूंना बळ देणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करावा, आणि पासष्टीपुढच्यांनी तोल व ताकद यांचा मिश्र व्यायाम किमान तीन दिवस करावा. आपण डॉक्टर मंडळी पहिले वाक्य रुग्णाला सांगतो आणि दुसऱ्यापाशी थांबतो.

वारसा आपल्याच दारी

बडोद्याच्या मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. याच शहरात जुम्मादादांच्या तालमीची परंपरा प्रो. माणिकरावांनी पुढे नेली. ते जसे व्यायामाचे आचार्य होते तसेच हाडे आणि सांधे यांवरील उपचारांसाठीही ख्यातनाम होते. म्हणजे व्यायाम आणि उपचार एकाच छपराखाली नांदत होते. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ १९३६ पासून याच गावातून प्रसिद्ध झाला. जोर, बैठका, मुद्गल, करेला, मल्लखांब यांचे शिक्षण आपल्या आजोबांच्या पिढीला सहज उपलब्ध होते. पुढे व्यायाम हा पहिलवानांचा आणि पोरासोरांचा विषय ठरला आणि सुशिक्षित पांढरपेशा वर्ग तालमीपासून दूर गेला. गामा पहिलवानाने उचललेल्या दगडाच्या कथा आपण कौतुकाने सांगतो, पण घरातली दहा किलोची गव्हाची पिशवी उचलायला मात्र नोकराला हाक मारतो.

मात्रा ठरवण्याचे शास्त्र

औषधाला जशी मात्रा असते तशी व्यायामालाही असते. या विचाराला शास्त्रीय रूप देण्याचे श्रेय थॉमस डिलोर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरांकडे जाते. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांच्या गुडघ्यांवर ते उपचार करीत. हलक्या भाराने पुष्कळ वेळा पाय हलवण्याची रीत तेव्हा रूढ होती. डिलोर्म यांनी ती सोडून जड भार, थोड्या वेळा, आणि ताकद वाढेल तसा वाढता भार ही पद्धत अवलंबिली आणि १९४५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजही सर्व बलसंवर्धनाचा गाभा तोच आहे : पेलेल एवढा भार, मोजक्या वेळा, मध्ये विश्रांती आणि क्रमाक्रमाने वाढ.

‘आता या वयात काय उपयोग?’ हा सर्वांत जास्त ऐकू येणारा प्रश्न आहे. त्याचे उत्तर १९९० साली बोस्टनहून आले. मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धनिवासातील ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा दुर्बल व्यक्तींना देखरेखीखाली आठ आठवडे पायांचा भारव्यायाम दिला. कार्यक्रम पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांनी तर चालताना काठी वापरणे सोडून दिले. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत ताकद ३२ टक्क्यांनी घसरली, हाही त्याच अभ्यासाचा धडा आहे. नव्वदीच्या स्नायूला बळ येऊ शकते. मात्र ते राखायचे तर व्यायाम चालूच ठेवावा लागतो.

पाच व्यायाम

नवशिक्याला व्यायामशाळेची, यंत्रांची वा भुकटीच्या डब्यांची आवश्यकता नाही. एक भक्कम, बिनचाकांची खुर्ची, एक मोकळी भिंत आणि बळकट कापडी पिशवी एवढे साहित्य पुरे. पिशवीत साखरेचे किलो-किलोचे पुडे किंवा लिटरभर पाण्याच्या बाटल्या भराव्यात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे भाराचा हिशेब सोपा होतो.

१. खुर्चीची बैठक. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. पावले खांद्यांइतक्या अंतरावर, हात छातीशी बांधलेले. किंचित पुढे झुकून उभे राहावे आणि तीन अंक मोजत सावकाश खाली बसावे, धपकन बसू नये. गुडघे आत वळू देऊ नयेत. जमत नसेल तर खुर्चीवर दोन उशा ठेवून बैठक उंच करावी. पुढे एकेक उशी काढावी, मग पिशवी छातीशी धरून तेच करावे.

२. भिंतीचे जोर. भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळवे छातीच्या उंचीवर टेकवावेत. शरीर फळीसारखे सरळ ठेवून कोपरे वाकवावीत आणि पुन्हा सरळ करावीत. सोपे वाटू लागले की स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकवून, पुढे भक्कम बाकावर आणि शेवटी जमिनीवर. जितके खाली जाल तितका भार अधिक.

३. पिशवीची उचल. पिशवी दोन पावलांच्या मध्ये, प्रारंभी एखाद्या पाटावर ठेवावी. पाठ सरळ ठेवून कंबर मागे न्यावी, गुडघे थोडे वाकवावेत, पिशवी अंगालगत धरून उभे राहावे. पाठीची कमान करून, अंगापासून दूर धरून वस्तू उचलल्याने कमरेवर अधिक ताण येतो. म्हणून योग्य रीतीने उचलण्याचा सराव करावा.

४. पिशवी ओढणे. डावा हात टेबलावर टेकवून पुढे झुकावे. उजव्या हातातील लोंबती पिशवी कोपर मागे नेत कमरेपर्यंत ओढावी, सावकाश सोडावी. नंतर हात बदलावा. पाठीचा वरचा भाग आणि दंड यांना याने बळ येते.

५. टाचा उचलणे. ओट्याला हात लावून दोन्ही टाचा उंच उचलाव्यात, क्षणभर थांबून खाली आणाव्यात. शेवटी, हात ओट्याजवळच ठेवून, प्रत्येक पायावर दहा ते तीस सेकंद उभे राहावे. तोल सांभाळण्याचा हा सराव रोज केला तरी चालेल.

प्रत्येक व्यायाम आठ ते बारा वेळा केला म्हणजे एक फेरी. पहिले दोन आठवडे एकच फेरी करावी, नंतर दोन, मग तीन. दोन फेऱ्यांमध्ये एक ते दोन मिनिटे विसावा. आठवड्यातून दोन दिवस, उदाहरणार्थ सोमवार आणि गुरुवार. मधले दिवस स्नायूंच्या भरणपोषणाचे. संपूर्ण कार्यक्रमाला अर्धा तास लागतो.

भार किती असावा? फेरी संपताना ‘अजून दोन वेळा जमले असते, पण तिसऱ्यांदा नाही’ असे वाटावे, एवढा. वीस वेळा करूनही काही वाटत नसेल तर भार कमी आहे, आणि पाचव्याच वेळी शरीर वेडेवाकडे होऊ लागले तर जास्त आहे. सलग दोन दिवस तिन्ही फेऱ्यांत बारा वेळा सहज जमले की अर्धा ते एक किलो वाढवावा. दिनांक, भार आणि संख्या वहीत टिपून ठेवावी. स्मरणशक्तीवर विसंबणारा माणूस सहा महिने तोच भार उचलत राहतो.

पहिल्या चार-सहा आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते, पण दंडाचा घेर तसाच राहतो. याने निराश होऊ नये. प्रारंभीची वाढ मुख्यत्वे मज्जासंस्थेची असते, मेंदू अधिक स्नायूतंतूंना कामाला लावण्यास शिकतो. स्नायूंची वाढ मागाहून येते. भगिनींना एक खुलासा : या व्यायामाने स्त्रीचे शरीर पुरुषी होत नाही. ऋतुनिवृत्तीनंतर झपाट्याने विरळ होणाऱ्या हाडांना मात्र याचा आधार मिळतो, म्हणून त्यांना याची गरज अधिक आहे.

व्यवसायबंधूंसाठी

सार्कोपेनिया ओळखण्यास महागड्या तपासण्या लागत नाहीत. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार हाताच्या पकडीची ताकद पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी असेल, किंवा हात न वापरता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसण्यास बारा सेकंद वा अधिक वेळ लागत असेल, तर संशय घ्यावा. दुसऱ्या चाचणीला खुर्ची आणि घड्याळ पुरते. रक्तदाब मोजताना आणखी अर्धा मिनिट दिला की झाले.

व्यायामाला मज्जाव कोणास? अस्थिर अंजायना, अनियंत्रित हृदयविफलता, महाधमनीच्या झडपेचे तीव्र आकुंचन, १८०/११० च्या वर गेलेला रक्तदाब, ताप वा तीव्र संसर्ग असताना प्रारंभ करू नये. डोळ्यांच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटलेले मधुमेही, हर्निया असलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले आणि मणका दबलेले रुग्ण यांचा निर्णय संबंधित तज्ज्ञांच्या विचाराने घ्यावा. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्यांना साखर उतरण्याची पूर्वकल्पना द्यावी. इतर रुग्णांचा रक्तदाब भार उचलताना क्षणिक वाढतो, पण नियमित व्यायामाने विश्रांतीचा रक्तदाब काहीसा उतरतो. अट एकच : श्वास रोखून कुंथू नये. जोर लावताना श्वास सोडावा, परतताना घ्यावा. संख्या मोठ्याने मोजली तर श्वास आपोआप चालू राहतो.

गुडघ्याच्या संधिवातात मांडीचे स्नायू बळकट करणे हा उपचाराचा पाया आहे. ‘गुडघे दुखतात म्हणून बसून राहा’ हा सल्ला दुखणे वाढवतो. नवशिक्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू ठणकतात, ते आपोआप शमते. परंतु सांध्यात सूज, छातीत दडपण, भोवळ किंवा काळपट लघवी ही लक्षणे दिसताच थांबून तपासणी करावी.

आहाराविषयी एवढेच, की व्यायाम असेल आणि प्रथिने नसतील तर घर बांधायला गवंडी आला आणि विटाच नाहीत अशी गत होते. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. वृद्धांसाठी १ ते १.२ ग्रॅम असावीत, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णांचे गणित वेगळे, ते डॉक्टरांनीच मांडावे. चहा-खाखऱ्यावर सकाळ आणि खिचडी-कढीवर रात्र काढणाऱ्या आपल्या ज्येष्ठांनी दूध, दही, पनीर, डाळी, उसळी, चालत असल्यास अंडी-मासे यांना प्रत्येक जेवणात जागा द्यावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘व्यायाम करा’ असे तोंडी सांगून न थांबता तो कागदावर लिहून द्यावा : खुर्चीची बैठक, दहा वेळा, दोन फेऱ्या, सोमवार-गुरुवार, तीन आठवड्यांनी फेरतपासणी. गोळ्यांच्या नावांखाली लिहिलेल्या या ओळीला रुग्ण औषधाचा मान देतो, हा माझा गेल्या दोन वर्षांचा अनुभव आहे.

उपसंहार

माझे पुढे काय झाले ते सांगून लेखणी आवरती घेतो. त्या गणेशोत्सवानंतर मी एका तरुण फिजिओथेरपिस्टकडे गेलो. पहिल्या दिवशी खुर्चीवर दोन उशा ठेवून मला कसेबसे सहा वेळा उठता आले. ज्या गोष्टीसाठी रुग्णांना उपदेश करायचा ती स्वतः करताना घाम फुटला, याची लाज वाटली आणि थोडे हसूही आले. दिवाळीपर्यंत उशा गेल्या, संक्रांतीपर्यंत हातात चार किलोची पिशवी आली. पुढच्या चतुर्थीला मी एक हात जमिनीला टेकवून उठलो. त्याच्या पुढल्या वर्षी हात न टेकवता. कमाटीबागेतील फेऱ्या चालूच आहेत. आठवड्यातील दोन सकाळी मात्र आता खुर्ची आणि पिशवी यांच्यासाठी राखून ठेवल्या आहेत.

वार्धक्यात मृत्यूचे भय असते त्याहून अधिक परावलंबनाचे असते. आपल्याला कोणी उठवावे लागू नये, शौचाला जाताना हात धरावा लागू नये, नातवंडाला कडेवर घेता यावे, एवढीच बहुतेकांची इच्छा असते. ती पुरी होईलच अशी हमी कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. पण ती पुरी होण्याची शक्यता वाढवणारा उपाय स्वस्त आहे, निर्धोक आहे आणि घरातच आहे. हा लेख आपण बहुधा खुर्चीत बसून वाचला असेल. आता स्मरणिका मिटून बाजूला ठेवावी, हात छातीशी बांधावेत आणि घड्याळ लावून पाच वेळा उठून पाहावे.